आपला मुलूख : लोहगावचा विमानतळ, मालक कोण आणि भाडेकरू कोण



या सदराला पत्रे येतात ती बहुतेक आजी-आजोबांची. अमक्या गावाविषयी लिहा, तमक्या स्टेशनावरचा वडा विसरू नका, अशी. या वेळी मात्र एका नातवाचा प्रश्न आला आहे. सैन्यातली वर्षे संपवून तो भारत बघायला गेला होता. दिल्लीहून विमानाने पुण्याला उतरताना सूचना झाली की हा विमानतळ संरक्षण दलाचा आहे, इथे फोटो काढायला मनाई आहे. परत आल्यावर त्याने विचारले, "सावता, तुमच्या पुण्याचा विमानतळ फौजेचा कसा?" सावताने तो प्रश्न आमच्याकडे पाठवून दिला आणि खाली लिहिले, "आम्ही मुंबई-पुणे डेक्कन क्वीनने करणारी माणसे, आम्हाला विमानातले काय ठाऊक! तुम्हीच सांगा."

सांगतो. प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरासाठी ८५ वर्षांहून मागे जावे लागेल. बालवाचकांनी नकाशा जवळ घ्यावा. आजी-आजोबांना नकाशा लागणार नाही.

गाव आधी, विमाने नंतर

पुण्यातून नगर रस्त्याने निघालात की बंडगार्डनचा पूल लागतो, मग येरवडा, मग आगाखान पॅलेस. तिथून ईशान्येकडे आत गेले की लोहगाव. पुणे स्टेशनपासून दहा किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर. आज त्या वाटेवर विमाननगर नावाची मोठी वस्ती आहे, काचेच्या इमारती आहेत. पण आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी पाहिलेला तो भाग म्हणजे उघडे माळ, बाजरीची शेते आणि मधूनच एखादे बाभळीचे झाड.

लोहगाव हे नाव विमानांमुळे झाले असे कोणाला वाटेल तर तसे नाही बरं का. गाव फार जुने. संत तुकाराम महाराज देहूचे, हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांच्या मातोश्री कनकाई यांचे माहेर लोहगाव, असे परंपरा सांगते. म्हणजे लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. सतराव्या शतकात तिथे त्यांची कीर्तने होत, आणि गावातली माणसे त्यांच्यावर फार जीव लावीत, अशा कथा वारकरी अजूनही सांगतात. आपल्या लोकांनाही कीर्तनाची ओढ काही कमी नव्हती. आब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवरची मराठी कीर्तने ऐकत आपली एक पिढी वाढली. तेव्हा कीर्तनाचे गाव म्हटले की आमचे वाचक लोहगावला परके मानणार नाहीत.

अशा या गावाच्या माळावर १९३९ साली फौजेची नजर पडली.

मुंबई वाचवायची तर पुण्याला या

१९३९ म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले ते साल. भारतावर राज्य इंग्रजांचे. मुंबई हे त्यांचे पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर. दारूगोळा, कापड, धान्य, पलटणी, सगळे तिथून ये-जा करणार. शत्रूने मुंबईवर विमाने पाठवली तर? त्या शहराच्या हवाई संरक्षणासाठी इंग्रजांच्या रॉयल एअर फोर्सने लोहगावला तळ उभा केला. त्याचे नाव ठेवले आर.ए.एफ. पूना.

आता मुलांनी विचारावे की मुंबई वाचवायला पुणे कशाला? नकाशा पाहा. मुंबई समुद्राला लागून, पुणे घाटाच्या वर. हवेतून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या लढाऊ विमानालाही अर्ध्या तासाच्या आतले. पण मध्ये सह्याद्रीची भिंत. समुद्रावरून तोफा मारणाऱ्या जहाजाला मुंबई दिसते, पुणे दिसत नाही. शिवाय पुणे ही जुनी छावणी. दवाखाने, बराकी, रेल्वे, पलटणींची सगळी व्यवस्था तिथे आधीपासून होती. आणि लोहगावचा माळ सपाट, मुरमाड, समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. पावसाळ्यात मुंबईला गुडघाभर पाणी असते तेव्हा हा माळ बराच कोरडा राहतो.

धावपट्टी कुठल्या दिशेला घालायची हेही वारा सांगतो. विमान उडते ते वाऱ्याच्या तोंडावर. पुण्याला पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून, म्हणून धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ असे आकडे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असतात. हे आकडे म्हणजे होकायंत्राचे अंश, शेवटचे शून्य काढून टाकलेले. १० म्हणजे १०० अंश, साधारण पूर्व. २८ म्हणजे २८० अंश, साधारण पश्चिम. दोन्हींत फरक किती? अठरा, म्हणजे १८० अंश, बरोबर उलटी दिशा. जगातल्या कुठल्याही विमानतळावर जा, हाच हिशेब. पुढच्या वेळी लोदला गेलात की सबाला विचारून त्यांची परीक्षा घ्या!

लाकडाची विमाने, कापडाची विमाने

लोहगावला युद्धकाळात तीन जातींची विमाने राहून गेली. वेलिंग्टन, मॉस्किटो आणि स्पिटफायर. स्पिटफायरचे नाव बहुतेकांना माहीत असते. एका वैमानिकाचे, चपळ, शत्रूच्या विमानांशी झुंजणारे. बाकीची दोन मात्र आजच्या मुलांना गंमतीची वाटतील.

वेलिंग्टन हे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. त्याचा सांगाडा धातूच्या पट्ट्यांची तिरकी वीण घालून केलेला, अगदी बुरुडाच्या टोपलीसारखा, आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. गोळी लागली तर कापडाला भोक पडे, पण वीण टिकून राही आणि विमान घरी परते.

मॉस्किटो तर चक्क लाकडाचे. युद्धात धातूची टंचाई आणि सुतार मात्र रिकामे, म्हणून इंग्रजांनी लाकडाच्या पातळ फळ्या सरसाने चिकटवून विमान केले. हलके आणि वेगवान. पण १९४४च्या अखेरीस हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या विमानांना अपघात होऊ लागले. चिकटवलेले सांधे सुटत असल्याचे आढळले आणि काही काळ ती सगळी जमिनीवर ठेवून तपासावी लागली. इंग्लंडमध्ये जोडलेले लाकूड इकडच्या उन्हात आणि दमट हवेत कसे वागेल, हा प्रश्न आपल्या कोकणातल्या कोणत्याही सुताराने पहिल्या दिवशीच विचारला असता!

ही विमाने इथे होती तेव्हा लोकांच्या मनात काय होते ते आमच्या ऐंशी-नव्वदीच्या वाचकांना सांगायला नको. १९४२च्या एप्रिलमध्ये जपान्यांनी कोलंबो, विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. मुंबईत दिव्यांना काळे कागद लागले, पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांना घेऊन गावाकडे गेली. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा गोदीजवळच्या मोहल्ल्यांत पहिली आरोळी उठली ती "जपानी आले" अशीच. आपल्या लोकांची घरे मांडवीत, मशीद बंदरच्या आसपास. तो हादरा कित्येकांच्या कानात अजून आहे. जपानी विमाने मुंबईवर कधी आली नाहीत. पण ती येतील या भीतीपोटी जे बांधले ते मात्र राहिले.

आणखी एक योगायोग सांगतो. लोहगावच्या वाटेवरच्या ज्या आगाखान पॅलेसचे नाव वर आले, तिथे याच काळात, ऑगस्ट १९४२ ते मे १९४४, गांधीजी कैदेत होते. महादेवभाई देसाई तिथेच वारले, कस्तुरबाही तिथेच वारल्या. एकाच रस्त्यावर एकीकडे साम्राज्याची विमाने आणि थोड्या मैलांवर त्या साम्राज्याला 'चले जाव' म्हणणारा म्हातारा. पाच वर्षांत म्हाताऱ्याचे म्हणणे खरे झाले.

इंग्रज गेले, किल्ली राहिली

मे १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, लोहगावचा तळ भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आला. आणि इथेच नातवाच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

युद्ध संपल्यावर इंग्रजांनी बांधलेल्या पुष्कळ तळांचे विमानतळ झाले. मुंबईला सांताक्रूझचा तळही युद्धातला, तो प्रवाशांकडे गेला. आपण ज्या लोदला उतरलो तोही इंग्रजांनी १९३६ साली बांधलेला आणि युद्धात रॉयल एअर फोर्सने वापरलेला. १९४८ साली तो इस्राएलच्या हाती आला, प्रवासी विमाने सुरू झाली, आणि १९७३ पासून त्याला बेन गुरियन यांचे नाव आहे. पहिल्या विमानांनी आलेल्या आपल्या लोकांनी या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते अशाच एका जुन्या युद्धतळावर.

मग लोहगाव का राहिला फौजेकडे? कारण साधे आहे. पुण्याच्या माणसाला विमान हवे तर मुंबई जवळ होती. सकाळी गाडीत बसले की दुपारी सांताक्रूझ. पुणे म्हणजे पेन्शनरांचे, विद्यार्थ्यांचे आणि सायकलींचे शहर. इथे विमानात बसणार कोण? फौजेला मात्र पश्चिम भारतात घाटमाथ्यावरचा पक्का तळ हवाच होता. तेव्हा किल्ली फौजेकडे राहिली आणि कोणाची तक्रारही नव्हती.

त्या किल्लीचा उपयोग १९६१ साली झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. बोलणी थकली आणि डिसेंबरात भारताने फौज पाठवली. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा जातीची बॉम्बफेकी जेट विमाने उडाली आणि गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी बॉम्ब टाकले. हुकूम असा होता की धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयींना धक्का लावायचा नाही. कारण उद्या ते सगळे आपलेच होणार. नवे घर घेताना कोणी आपल्याच खिडक्या फोडतो का? त्या दिवशी तिथे पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने उभी होती. रात्री त्यांनी धावपट्टीची घाईघाईने डागडुजी केली आणि अधिकाऱ्यांची बायकामुले घेऊन ती दोन्ही विमाने अंधारात निसटली. १९ तारखेला गोवा मुक्त झाला.

यातली मौज अशी की दाबोळीही मग लोहगावचीच जुळी बहीण झाली. तो तळ भारतीय नौदलाकडे गेला आणि पुढे गोव्याला जाणारे सारे पर्यटक नौदलाच्याच धावपट्टीवर उतरू लागले. दुसरा विमानतळ मिळायला गोव्याला २०२३ साल उजाडले. बेळगावचा सांबरा विमानतळ तिसरा भाऊ. तोही १९४२ साली युद्धासाठी बांधलेला, तिथेही फौज आणि प्रवासी एकत्र.

भाडेकरू आला

लोहगावला प्रवासी विमाने आली ती हळूहळू. हवाई दलाच्या आवाराच्या एका कोपऱ्यात प्रवाशांसाठी इमारत, तेवढीच नागरी खात्याची. धावपट्टी, नियंत्रण मनोरा, वेळापत्रकाची शेवटची सही, सगळे हवाई दलाचे. अनेक वर्षे इंडियन एअरलाइन्सची मोजकीच विमाने येत.

त्या काळातली एक दुःखाची आठवण आहे. पुण्याहून मुंबईला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे एक लहान विमान ४ ऑगस्ट १९७९ला पावसाळी ढगांत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ४५ जण गेले. पनवेल म्हणजे आपल्या कितीतरी घराण्यांचे गाव. घाट उतरायला विमानाला काही मिनिटे लागतात, पण श्रावणातल्या ढगात सह्याद्री लपलेला असतो, तो कोणाला माफ करत नाही.

१९९१ नंतर देशात खासगी विमान कंपन्या आल्या. पुण्यात मोटारींचे कारखाने वाढले, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि सायकलींच्या शहराला एकाएकी विमानाची घाई झाली. २००५ साली परदेशी जाणारी विमाने सुरू झाली. २००८ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला थेट विमान सुरू झाले, तेही लहानच, आणि पुढे ते बंद झाले.

लहानच का? पुन्हा धावपट्टी. लोहगावची धावपट्टी २५४० मीटर लांब आहे. मुंबईची मोठी धावपट्टी ३४०० मीटरच्या पुढे. पुण्याची उंची अधिक, त्यामुळे हवा विरळ. उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, म्हणजे उडण्यासाठी जास्त लांब धावावे लागते. अवजड विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन इतक्या पट्टीवरून उडणे कठीण. पट्टी वाढवायची तर भोवती शहर दाटलेले. जागा सुटीच राहिली नाही. युद्धकाळात आखलेली दिशा आज लाखो माणसांचा प्रवास ठरवते ती अशी.

चौऱ्याहत्तरीतले दोन वैमानिक

मालकाकडेही या काळात नवे पाहुणे आले. ११ जून १९९७ला रशियाहून घेतलेली सुखोई-३० जातीची पहिली लढाऊ विमाने लोहगावलाच हवाई दलात दाखल झाली. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती आली, सुखोई-३० एम.के.आय. तिचा सांगाडा रशियन, पण आतल्या उपकरणांत फ्रान्सची, भारताची आणि इस्राएलची उपकरणे आहेत. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आकडे दाखवणारा जो काचेचा पडदा असतो तो इस्राएलमधून गेलेला. म्हणजे लोहगावच्या आकाशात आपल्या दोन्ही घरांचा हात एकत्र आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता आजी-आजोबांनी जरा सरसावून बसावे. ८ जून २००६ला भारताचे राष्ट्रपती अब्दुल कलाम लोहगावला आले, वैमानिकाचा पोशाख चढवला आणि सुखोईत मागच्या जागेवर बसून आवाजाशी शर्यत लावणाऱ्या त्या विमानातून उडाले. वय वर्षे ७४. त्यानंतर २५ नोव्हेंबर २००९ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या. आपल्या जळगावच्या. त्याही उडाल्या. वय वर्षे ७४! जगात लढाऊ विमानातून उडालेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख ठरल्या. तेव्हा "आता आमचे वय झाले" म्हणून दवाखान्यालाही न जाणाऱ्या आमच्या वाचकांनी ही दोन नावे भिंतीवर लिहून ठेवावीत.

पण लढाऊ विमाने म्हणजे नुसती शोभा नसते. १३ डिसेंबर २०११ला लोहगावहून उडालेले एक सुखोई वाघोलीच्या पुढे शेतात पडले, १४ ऑक्टोबर २०१४ला आणखी एक थेऊरजवळ पडले. दोन्ही वेळा वैमानिक छत्रीने सुखरूप उतरले आणि जमिनीवरही कोणाचा जीव गेला नाही, ही देवाची कृपा. मात्र ज्या गावांवरून ही विमाने रोज जातात, त्या गावांना आकाशाकडे बघून राहावे लागते.

एका छपराखाली दोन संसार

भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वर्णन नवे वाटणार नाही. मालक चांगला आहे, पण नळाची वेळ तोच ठरवणार. सकाळी लढाऊ विमानांचा सराव असेल तर प्रवासी विमानाने वर घिरट्या घालाव्यात नाहीतर खाली थांबावे. फोटो काढू नयेत, कारण खिडकीतून दिसते ते मालकाचे माजघर आहे. नातवा, तुझ्या प्रश्नाचे हे उत्तर. तू स्वतः फौजेत राहून आलास, तुझ्या तळाचे फोटो कोणी काढलेले तुला तरी चालले असते का?

ऑक्टोबर २०२० पासून हवाई दलाने धावपट्टीचे नवे डांबरीकरण काढले. वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ विमाने बंद. शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद. एवढ्या मोठ्या शहराने बॅगा उचलल्या आणि ते पुन्हा मुंबईच्या वाटेला लागले, अगदी सावताच्या काळासारखे.

त्याआधी, १५ फेब्रुवारी २०२०ला, मोठा अनर्थ थोडक्यात टळला. दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान पट्टीवर वेगाने धावत होते आणि समोर जीप व एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. वैमानिकाने विमान वेळेआधीच वर उचलले. शेपूट जमिनीला घासले, पण विमान दिल्लीला नीट उतरले. दोन संसारांची दारे एकाच ओसरीवर उघडत असली की असे प्रसंग येतात.

मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि १४ जुलै २०२४ला ती प्रवाशांसाठी उघडली. मोठी, उजेडाची, जुनीच्या दुपटीहून अधिक. वर्षाला एक कोटीहून जास्त प्रवासी आता लोहगावहून ये-जा करतात. पण इमारत कितीही मोठी केली तरी पट्टी तीच, एकच, आणि मालकाची. पाटाला सोन्याचे पाणी दिले म्हणून पंगतीत जागा वाढत नाही.

अंजिराच्या बागा

मग पुणेकर म्हणतात, स्वतःचे घर बांधू. बरीच वर्षे जागा शोधली. चाकण-राजगुरूनगरची बाजू पाहिली, ती सुटली. २०१६ साली पुरंदर तालुक्यातली जागा ठरली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावे. पुरंदर म्हणजे अंजिराचा आणि सीताफळाचा मुलूख. पुण्याच्या मंडईत ज्यांनी पुरंदरचे अंजीर खाल्ले त्यांना इथल्या शूकमधल्या अंजिराला नावे ठेवायची सवय लागलेली आहे. आपल्या सात फळांतले एक अंजीर, तेव्हा त्या झाडाची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. 

त्या बागांचे शेतकरी जमीन द्यायला तयार नव्हते. २०२५ साली मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी अडवले, पोलीस आले, झटापट झाली. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहराच्या सोयीआड सात गावे कशी येतात? शहराची गरज खरी आहे, हे वर आम्हीच सांगितले. पण लोहगावची गोष्ट शेतकऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. विमानतळासाठी गेलेली जमीन परत येत नाही. युद्ध सहा वर्षांत संपले, इंग्रज आठ वर्षांत गेले, राज्ये बदलली, विमाने लाकडाची होती ती धातूची झाली, पण तो माळ पुन्हा बाजरीचा झाला नाही. उलट, ज्यांच्या जमिनी तळाच्या भिंतीला लागून राहिल्या त्यांनाही भिंतीपासून शंभर मीटरपर्यंत घर बांधायला बंदी. म्हणून मोबदला किती आणि पुनर्वसन कुठे, हे आधी कागदावर पक्के झाले पाहिजे, असे आमचे मत आहे. गाव सोडून नव्या देशात नवे घर बांधणे म्हणजे काय, हे या बुलेटिनच्या वाचकांपेक्षा जास्त कोणाला कळणार? आणि आपण निदान स्वतःच्या मर्जीने निघालो होतो.

लोहगावच्या वाट्याला मात्र उशिरा का होईना, एक मान आला. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने असा प्रस्ताव मंजूर केला की पुण्याच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे आणि तशी शिफारस केंद्राकडे करावी. आर.ए.एफ. पूना ते तुकाराम महाराज! ज्या माळावर तोफा आणि बॉम्ब आले, त्या माळाला अखेर आजोळी आलेल्या कीर्तनकाराची आठवण झाली.

बालवाचकांसाठी या अंकाचे काम : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ते भारतातून निघाले तेव्हा कुठल्या विमानतळावरून किंवा बंदरातून निघाले, कुठल्या साली, आणि हातात काय सामान होते. उत्तर मराठीत लिहिता आले तर उत्तम, नाही आले तर हिब्रूत लिहा, आम्ही मराठी करून घेऊ. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू. आणि आजी-आजोबांनो, "आता काय आठवते" असे म्हणू नका. सामानातल्या लोणच्याच्या बरणीपासून सुरुवात करा, बाकीचे आपोआप आठवेल.

तोवर शालोम.